येलवी नावाची नांदती बाई

ज्या मंगळवारी हौसा गेली, त्या दिवशी केसरीनाथची सकाळपाळी होती. भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर तो कंट्रोलर. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, आल्या-गेल्या गाड्यांची नोंद करायची आणि माइकवरून गाडी पुकारायची, एवढं काम. आवाज मात्र खणखणीत. हौसा म्हणायची, "घरात तोंडातून शबुद निघत न्हाय, आन स्टँडवर म्हशी दचकून उठतात."

दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. तो वाड्याची गाडी पुकारत होता, तेवढ्यात काचेपलीकडे लडकू येऊन उभा राहिला. लडकू म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, गोदूताईचा नवरा. माणूस बोलका. एरवी तो दारातूनच बोलायला सुरुवात करायचा आणि चहा आला तरी थांबायचा नाही. आज तो टोपी हातात धरून बाहेरच उभा होता आणि आत येत नव्हता.

केसरीनाथला कळलं. पण पुकारणं अर्धं सोडायची त्याला सवय नव्हती. फलाट क्रमांक तीन, मार्गे अंबाडी, एवढं त्यानं पुरं केलं. मग तो म्हणाला, "हौसा गेली."

माइकचं बटण दाबलेलंच होतं. सगळ्या स्टँडनं ऐकलं. खिडकीजवळ गाठोडं घेऊन बसलेली एक म्हातारी घाबरून उठली आणि म्हणाली, "अगो बाय, गेली? मंग आता दुसरी कवा हाय?"

म्हातारीचा काही दोष नव्हता. स्टँडवरून जाते ती गाडीच.

बाळंतपणात हौसा गेली, पण पोरगी वाचली होती. नऊ वर्षांनी झालेली पोरगी, वजनाला जेमतेम, पण रडायला बापासारखी खणखणीत.

आदल्या संध्याकाळी दवाखान्यात जायला टांग्यात बसताना हौसा त्याला म्हणाली होती, "अवो, पोरगी झाली तं नाव येलवी ठेवा. येलवी. ध्यानात ऱ्हाईल ना?"

"ऱ्हाईल," तो म्हणाला होता. टांगेवाला घाई करत होता. नाव कुठून काढलंस, अर्थ काय, कुणाचं आहे, हे काही त्यानं विचारलं नाही. नऊ वर्षांत त्यानं बायकोला फारसे प्रश्न विचारले नव्हते, आणि त्यामुळे तो स्वतःला चांगला नवरा समजत असे.

आता तिच्याकडून त्याला मिळालेली शेवटची गोष्ट म्हणजे ते नाव होतं, आणि ते नुसतं नाव होतं. त्याला पुढे-मागे काहीच नव्हतं.

तेरावं झालं. गोदूताईनं घर ताब्यात घेतलं होतं. दुधाचा डबा, पोरीचे कपडे, भावाचं जेवण, सगळं तिच्या हुकमानं चाललं होतं. तेराव्याच्या रात्री भांडी पालथी घालताना ती म्हणाली, "येत्या रविवारी बारसं उरकून घेऊ. नाव सुनंदा ठेवते."

"नाव ठरलंय," केसरीनाथ म्हणाला. "येलवी."

गोदूताईनं भांडं खाली ठेवलं. "कुनी ठरवलं?"

"हौसानं. जायच्या आदल्या दिवशी."

"म्हंजे पोर जल्माला यायच्या आधी नाव तोंडातून काढलं. सटवाईनं ऐकलं ना मंग! बारशाच्या आधी नाव काढू नये, हे आमच्या आयसनं मला न्हानपनी शिकवलं. तुला न्हाय शिकवलं, तू बाप्या हायस." तिनं डोळ्याला पदर लावला. "केसऱ्या, ते नाव बाईला घेऊन गेलंय. ते मी पोरीच्या कानात सांगू?"

इथे वाचकांना आठवण करून द्यायला हवी, की नाव ठेवायचा हक्क आत्याचा. बापानं जग जिंकलेलं असलं तरी बारशाच्या दिवशी तो भिंतीला पाठ लावून उभा राहतो. पोराच्या कानाशी तोंड नेते ती आत्या, आणि ती जे कानात म्हणते ते जन्मभर चिकटतं. त्यावर अपील नाही.

केसरीनाथनं बहिणीला फार कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. ते त्यानं त्या रात्री दिलं. बरंच दिलं. शेवटी गोदूताई म्हणाली, "ऐक. सुनंदा आपल्या चाळीत तीन हायत. तिघी नांदतात, तिघींची पोरं धडधाकट. तुजी येलवी मला एक दाखव. एकच. नांदती, लेकुरवाळी, जिती. माज्यासमोर उभी कर. मंग मी त्येच नाव ठेवते. न्हाय केलीस तं सुनंदा. रविवारी बारा वाजता."

हातात सहा दिवस होते.

सोमवारी तो डोक्याचं तुळतुळीत मुंडण टोपीखाली झाकून ड्युटीवर हजर झाला, आणि दुपारच्या सुटीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीशी गेला. दोन्ही कामांना खिडकी एकच होती. तिथल्या कारकुनानं सांगितलं की एका वेळी एकच अर्ज, आणि रांग पुन्हा लावावी लागेल. केसरीनाथनं आधी मृत्यूची नोंद केली, मग मागे जाऊन रांगेत उभा राहिला आणि पुन्हा त्याच माणसासमोर आला.

"नाव?"

"येलवी."

कारकुनानं लेखणी उचलली आणि परत ठेवली. "असं नाव नसतं."

"आहे."

"मी सतरा वर्षं नावं लिहितोय."

"मी अकरा वर्षं गावं पुकारतोय," केसरीनाथ म्हणाला. "ज्या गावाचं नाव ऐकलेलं नाही तिथंही माणसं उतरतात."

कारकुनाला राग आला नाही. उलट त्याला थोडी दया आली असावी, कारण आधीचा, मृत्यूचा अर्ज त्याच्यासमोरच पडला होता. तो म्हणाला, "रकाना रिकामा ठेवतो. बारसं झालं की या. आणि असलं नाव कुणाचं आहे का बघायचं असेल, तर मतदारयादी लावलीय बाहेर भिंतीला."

केसरीनाथला ही कल्पना पटली. सरकारी यादी म्हणजे शंकेला जागा नाही. मंगळवारी आणि बुधवारी, दुपारच्या दोन्ही सुट्या त्यानं भिंतीला नाक लावून काढल्या. धामणकर नाका पुरा झाला, नारपोली पुरी झाली. लक्ष्मी त्यानं चव्वेचाळीसपर्यंत मोजल्या आणि मग सोडून दिल्या. पार्वती, सरस्वती, सीता, द्रौपदी. देवादिकांच्या घरची एकही बाई भिवंडीत मतदान करायची राहिली नव्हती. येलवी नव्हती.

दरम्यान चाळीतल्या राघो मास्तरांनी शब्दकोश उघडला होता. मास्तर दोन तास 'य'मध्ये बसले आणि त्यांनी जाहीर केलं की हा शब्द मराठीत नाही, सबब मुलीला हे नाव ठेवल्यास ती मराठीबाहेर राहील. स्टँडवरचा चहावाला गफूरचाचा म्हणाला, "साहब, नाम का मतलब नहीं पूछते. मेरा नाम क्षमा करनेवाला है, और मैंने आज तक किसी की उधारी माफ की है?" केसरीनाथला हे पटलं, पण गोदूताईपुढे ते मांडून उपयोग नव्हता.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा शेजारची ठमाबाई पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तिनं विचारलं, "केसरीभाऊ, सापडली?"

"नाही. सगळी यादी वाचली."

"कसली यादी?"

"मतदारांची."

ठमाबाई इतकी हसली की पोरगी रडायची थांबली. "अवो, त्या यादीत कशी घावंल? ती सगळी नवऱ्यांनी ठेवलेली नावं! मी मायेरी चांगुणा होते. लग्नात यांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात ठमा लिवलं, झाले मी ठमा. त्या भिंतीवर एक बाई तिच्या आयसनं ठेवलेल्या नावाची न्हाय. तुमच्या येलव्या शंभर असतील, पर सगळ्या लक्ष्मीच्या खाली गाडलेल्या."

केसरीनाथ टोपी काढून बसला. त्यानंही तसंच ताटात लिहिलं होतं. हौसा हे नाव त्याचंच. माहेरी ती तुळजा. नऊ वर्षांत त्यानं तिला तुळजा म्हणून एकदाही हाक मारली नव्हती. तसं काही कारणच पडलं नव्हतं.

आता काम सोपं झालं आणि अशक्यही झालं. बाईला तिचं माहेरचं नाव विचारायचं, बस. पण कोणी विचारायचं? तेरावं होऊन तीन दिवस झालेल्या विधुरानं, परक्या बायकांना?

हा विचार त्याच्या मनात आला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्या मनात रविवार होता. गुरुवारी सकाळी त्यानं कंडक्टर लोकांना केबिनमध्ये बोलावलं आणि सगळी हकीकत सांगितली. कंडक्टरांना त्याच्याबद्दल माया होती. वाडा, पडघा, अनगाव, वज्रेश्वरी, सगळ्या गाड्यांवर चौकशी सुरू झाली. त्यांत अनंता नावाचा तरुण कंडक्टर सगळ्यांत उत्साही. तिकीट फाडता फाडता तो प्रत्येक बाईला विचारी, "कुठं जायचं? सुटे हायत? मायेरचं नाव काय?"

पहिल्याच ट्रीपला एका कोळणीनं त्याच्या डोक्यात रिकामी पाटी घातली. दुसऱ्या ट्रीपला एका नवऱ्यानं गाडी थांबवायला लावली. अनंता टेंगूळ घेऊन परत आला आणि म्हणाला, "साहेब, चार गावं झाली. उद्या अजून लांब जातो."

चौकशीचं असं असतं, की ती निघते तेव्हा एक असते आणि परतीच्या गाडीनं येते तेव्हा दुसरीच असते. गुरुवारी अनगावला लोक म्हणाले, भिवंडीचा कंट्रोलर एक बाई शोधतोय. संध्याकाळी पडघ्याला म्हणाले, बायको शोधतोय. शुक्रवारी वाड्यापर्यंत बातमी गेली तेव्हा त्यात एवढी भर पडली होती, की सरकारी नोकरी आहे, घर स्वतःचं आहे, आणि माणूस थोडा हट्टी आहे, नावाची अट घालतो.

शनिवार उजाडला. येलवी मिळाली नव्हती. केसरीनाथनं दहा वाजता माइककडे पाहिलं. अकरा वर्षांत त्या माइकवरून त्यानं गाड्या आणि हरवलेली मुलं यांखेरीज काही पुकारलं नव्हतं, हौसाची ती एक गोष्ट सोडली तर. त्यानं बटण दाबलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. येलवी असे माहेरचे नाव असलेली कोणी स्त्री स्टँडवर उपस्थित असल्यास तिने कंट्रोलर केबिनशी संपर्क साधावा. काम महत्त्वाचे आहे."

केबिनशी संपर्क साधला तो तीन पुरुषांनी. पहिला म्हणाला, बाई हरवलीय का, वर्णन सांगा. दुसरे स्टँडचे मोठे साहेब होते. त्यांनी माइकच्या खाजगी वापराबद्दल लेखी खुलासा मागितला आणि मग हळू आवाजात विचारलं, जेवतोस ना नीट? तिसरा फेटेवाला, दौलत पाटील म्हणून कुणी, अनगावकडचा. त्यानं केबिनमध्ये येऊन खुर्ची ओढली.

"भाची हाय आपली. कामाला वाघीन. सातवी शिकलीय."

"तिचं माहेरचं नाव येलवी आहे?" केसरीनाथ अर्धा उठला.

"नाव इंदू हाय. पर नावाचं काय घेऊन बसलाव पाव्हणं? लग्नात बदलायचंच हाय. ताटात तांदूळ तुमचे, अंगठी तुमची. येलवी लिवा, न्हायतर एस.टी. लिवा. आमची तक्रार न्हाय."

केसरीनाथला आधी काहीच समजलं नाही. मग सगळं एकदम समजलं. गुरुवारपासून कंडक्टर त्याच्याकडे बघून का हसत होते, बायका खिडकीसमोरून जाताना पदर का घेत होत्या. त्याचे कान तापले. "माझी बायको जाऊन वीस दिवस झाले नाहीत," तो म्हणाला.

"म्हनून तं मीबी घाई केली न्हाय," दौलत पाटील म्हणाला. "ऐकलं गुरवारी, आलो शनवारी."

त्याला बाहेर काढेपर्यंत खारबावची गाडी लागली, आणि तिच्यातून नवशा उतरला. नवशा म्हणजे हौसाचा धाकटा भाऊ. बरोबर दोन माणसं. तो केबिनमध्ये आला नाही. फलाटावर उभा राहून, माइकची गरज पडणार नाही अशा आवाजात बोलला.

"भावजी! तुळजाची राख अजून खाडीत विरघळली न्हाय, आन तुमी माइकवर बाईल बोलावताव?"

तुळजा कोण, हे कळायला केसरीनाथला एक क्षण लागला. तो एक क्षण त्याला पुढे फार दिवस पुरला.

"नवशा, आत ये. लोक बघतात."

"बघू दे की! तुमी लोकांना सांगूनच करताव सगळं! आमी पोरगी न्यायला आलोव. आयस म्हनते, सावत्र आईच्या हाती आमची पोर न्हाय द्यायची."

"कुणी सावत्र आई नाही. नाव शोधत होतो."

"कुनाचं नाव?"

"पोरीचं. तुझ्या बहिणीनं ठेवलंय. येलवी. अशी एखादी बाई दाखवली नाही तर ताई ते ठेवणार नाही." मग त्यानं जे विचारायला हवं होतं ते, तेरा दिवस आणि वर सहा दिवस उशिरानं, विचारलं. "नवशा, तुमच्याकडे कुणी आहे का त्या नावाची? तिनं कुठनं आणलं?"

नवशाचा राग एवढा तयारीनं आणलेला होता, की तो असा एकाएकी ठेवायला त्याला जागा मिळेना. "आमच्यात न्हाय कुनी," तो म्हणाला. "मी तं ऐकलंबी न्हाय." मग म्हणाला, "आयसला म्हाईत असंल. पर आयस तुमचं तोंड बघनार न्हाय आता. मी सांगीन तिला. ती माजं ऐकंल असं न्हाय."

तो पोरीला न नेताच पुढच्या गाडीनं परत गेला. केसरीनाथनं त्याला चहा पाजला. गफूरचाचानं पैसे घेतले नाहीत.

रविवारी अकरापर्यंत पाळणा सजला होता. चाळीतल्या बायका जमल्या होत्या. गोदूताई नवं लुगडं नेसली होती, आणि ती भावाकडे बघत नव्हती. केसरीनाथ रीतीप्रमाणे भिंतीला पाठ लावून उभा होता. घुगऱ्या वाटून झाल्या. साडेअकरा वाजले. सुनंदांपैकी दोघी हजर होत्या, तिसरी येत होती.

पावणेबाराला जिन्यावर बूट वाजले आणि अनंता आत आला. त्याच्यामागे साठीची एक उंच, काळीसावळी बाई. डोक्यावर भाजीची पाटी, दम लागलेला.

"साहेब, ही गुणाबाई. वज्रेश्वरीच्या पलीकडची. मायेरचं नाव इचारा."

"येलवी," बाई पाटी उतरवत म्हणाली. "पर मला बाराची गाडी धरायचीय. भाजी सुकते."

खोलीत गलका झाला. गोदूताईनं हात वर केला तसा तो थांबला. तिनं बाईकडे पाहिलं, मग अनंताकडे, मग त्याच्या कपाळावरच्या टेंगळाकडे. ज्या माणसानं त्यासाठी एवढा मार खाल्ला, तो एखादी बाई पढवून आणणार नाही असं थोडंच आहे? केसरीनाथच्याही मनात तेच आलं, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. खोटी बाई चालली असती त्याला. पण गोदूताईला चालली नसती.

"पोरं किती?" गोदूताईनं विचारलं.

"सात. सातीच्या साती हायत."

"नवरा?"

"हाय. भांडतो. म्हंजे बरा हाय."

"बस," गोदूताई म्हणाली. "पानी पी." आणि ती आतल्या खोलीत गेली.

गुणाबाई बसली. ती पाणी प्यायली, तिनं पाटीतली मेथी उलटीपालटी केली, शेजारच्या बाईला ती कशी दिली ते सांगायला लागली. बोलणं रंगलं. खोलीतली चार माणसं घड्याळाकडे बघत होती, आणि केसरीनाथ बघत नव्हता.

आतून गोदूताईनं, चुलीपुढची आई देते तशी, कावलेल्या आवाजात हाक दिली, "ए येलवे! भांडं आन गो बाय!"

"आले गं आय!" गुणाबाई म्हणाली आणि उठली.

ती दोन पावलं चाललीसुद्धा. मग खोलीच्या मधोमध थांबली, हातात मेथीची जुडी, आणि इकडेतिकडे पाहू लागली. तिला बहुतेक तिचं स्वतःचं हसू आलं होतं, पण ते तोंडावर येईपर्यंत दुसरंच काही झालं. पदर तोंडाला लावून ती मटकन खाली बसली. "चाळीस-पंचेचाळीस वर्सं झाली," ती म्हणाली. "कुनी हाक मारली न्हाय त्या नावानं."

गोदूताई दारात उभी होती. तिनं पोरीला उचललं, पाळण्यात ठेवलं, आणि कानाशी तोंड नेलं. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. नेहमीपेक्षा जरा जोरातच, कारण या आठवड्यात तिनं सगळ्यांनाच वैताग दिला होता.

"येलवी," ती म्हणाली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाली.

बारा वाजले होते. अनंतानं स्टँडवर धावत जाऊन गाडी अडवून धरली. त्याचा वेगळा लेखी खुलासा त्याला मंगळवारी द्यावा लागला. जिन्यापर्यंत पाटी उचलून देताना केसरीनाथनं गुणाबाईला विचारलं, "बाई, त्याचा अर्थ काय?"

"काय म्हाईत. आयनं ठेवलं. मी तिला इचारलंच न्हाय. मंग लगीन झालं नि गुणा झाले." तिनं पाटी डोक्यावर सारखी केली. "तुमच्या मंडळींनी कुठनं घेतलं?"

"मीही विचारलं नाही," केसरीनाथ म्हणाला.

सोमवारी त्यानं खिडकीत जाऊन रकाना भरून घेतला. कारकुनानं वळणदार अक्षरात नाव लिहिलं. साहेबांना दिलेला खुलासा दोन ओळींचा होता आणि तो मंजूर झाला. इंदूचं लग्न दौलत पाटलानं त्याच महिन्यात दुसरीकडे जमवलं, आणि लोकांचं बोलणं मागे पडलं.

हौसानं ते नाव कुठून आणलं, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं आहे: खारबावला तिची आई, राहीबाई, जी त्याचं तोंड बघायला तयार नाही. पोरगी आता चार महिन्यांची झाली. तिला घेऊन केसरीनाथला खारबावला जायचं आहे. तो अजून गेलेला नाही.